सालाचा बोजा

सातबाऱ्यात 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. आमच्या भागातला शेतकरी उतारा हातात पडला की आधी तिथं बघतो. कब्जेदाराच्या रकान्यात आपलं किंवा बापाचं नाव आहे हे त्याला ठाऊकच असतं. कुठल्या बँकेचा, कुठल्या सोसायटीचा बोजा चढला, कुठला उतरला, ते मात्र दर वेळी नव्यानं बघावं लागतं. येडशीच्या शिवारात आमची थोडी वडिलार्जित जमीन आहे. तिच्यावरचं पीककर्ज फिटून दीड वर्ष झालं तरी बोजा उताऱ्यावर तसाच बसलेला, आणि तो कमी करून घ्यायला मी खेटे घालत होतो. कुठल्या कचेरीत ते सोडून देऊ; खेटे घालणं हा आपल्याकडे जमीनमालकीचाच एक भाग आहे. बाकड्यावर वेळ जावा म्हणून एका खेपेला अमेरिकेच्या इतिहासाचं पुस्तक पिशवीत टाकलं होतं. त्यातलं सन १८०३ चं प्रकरण वाचत होतो, आणि वाचता वाचता वाटायला लागलं, हा व्यवहार तर आपल्या ओळखीचा आहे.

अमेरिकन लोक त्या सालाला फार मानतात. त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं 'मारबरी विरुद्ध मॅडिसन' खटल्यात ठणकावलं की संसदेनं केलेला कायदा घटनेच्या विरुद्ध असेल तर तो कायदाच नव्हे, आणि तसं सांगण्याचं काम न्यायालयाचं. मार्चमध्ये ओहायो हे सतरावं राज्य झालं. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी मेरिवेदर लुईस पिट्सबर्गहून नाव घेऊन पश्चिमेच्या शोधाला निघाला. पण सालाचा कळस ३० एप्रिलचा. त्या तारखेच्या करारानं फ्रान्सनं लुईझियाना नावाचा मुलूख अमेरिकेला विकला. आठ लाख अठ्ठावीस हजार चौरस मैल, म्हणजे आजच्या भारताचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग, दीड कोटी डॉलरला. एकराला चार सेंटसुद्धा पडले नाहीत. राष्ट्राध्यक्ष जेफर्सनच्या माणसांना न्यू ऑर्लिन्स बंदर आणि आजूबाजूची थोडी जागा हवी होती. समोरच्यानं दुकानच विकायला काढलं.

का काढलं, हे बघण्यासारखं आहे. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट डोमिंग या साखरेच्या बेटावर गुलामांनी बंड केलं होतं. ते मोडायला नेपोलियननं स्वतःच्या मेहुण्याबरोबर, जनरल लेक्लेर्कबरोबर, मोठी फौज पाठवली. बंडवाल्यांनी आणि पीतज्वरानं ती फौज खाल्ली, लेक्लेर्कही तिथंच गेला. बेट हातचं जातंय, इंग्लंडशी पुन्हा लढाई तोंडावर आलेली, आणि खजिन्यात खडखडाट. मग अटलांटिकपलीकडचा मुलूख ठेवून करायचं काय? व्यवहारही शुद्ध सावकारी. अमेरिकेजवळ रोकड नव्हती. सव्वा कोटीच्या थोडे आत, म्हणजे एक कोटी साडेबारा लाख डॉलरचे सहा टक्के व्याजाचे रोखे तिनं दिले, आणि बाकीच्या रकमेत फ्रान्सकडून येणं असलेली स्वतःच्या नागरिकांची देणी स्वतःच्या अंगावर घेतली. ते रोखे वटवून नेपोलियनला रोख मोजणाऱ्या दोन पेढ्या: ॲमस्टरडॅमची होप आणि लंडनची बेरिंग. लंडनची! म्हणजे इंग्लंडशी लढायला नेपोलियनच्या हातात जो पैसा पडला तो वटवून दिला एका इंग्रज पेढीनं. सावकाराला देश नसतो असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, ते काही उगाच नाही.

आता त्या मुलखात राहत कोण होतं? ओसेज, सू आणि आणखी कितीतरी जमाती. नेपोलियनच्या ताब्यात त्यांची जमीन नव्हतीच. त्यानं विकलं ते एवढंच, की इथून पुढं या जमातींशी सौदा करायचा, त्यांना रेटायचं, त्यांच्याकडून जमीन काढून घ्यायची, तर ते फक्त अमेरिकेनं. दुसऱ्या कुठल्या गोऱ्या राजानं नाही. कब्जेदाराचा रकाना त्या दिवशी बदलला नाही. बदलला तो 'इतर हक्क'. कब्जेदार पुढच्या शंभर वर्षांत बदलले, एकेका तहानं आणि एकेका कत्तलीनं.

बाकड्यावर बसून मी तारखा जुळवायला लागलो, कारण १८०३ हे साल आपल्या इतिहासातही काही लहान नाही. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला होता. होळकरांनी ऑक्टोबरात हडपसरला त्याचा आणि शिंद्यांचा मोड केल्यामुळं तो पुण्यातून पळालेला. तहाचं मर्म एका ओळीत सांगता येतं: इंग्रजांच्या सहा हजार पायदळाची फौज कायमची पदरी ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला तोडून द्यायचा. बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवायला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून निघाला. पूर्वेकडून कर्नल स्टीव्हन्सन हैदराबादची तैनाती फौज आणि निजामाचे लोक घेऊन आला आणि मार्चअखेर त्यानं तळ ठोकला परांड्याला.

परांडा म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. येडशीहून पश्चिमेला घाट उतरा, बार्शी ओलांडा, पुढं परांड्याचा किल्ला. निजामाच्या राज्याचं हे पश्चिमेचं टोक, पेशव्यांच्या मुलखाला लागून. अमेरिकेचे वकील पॅरिसमध्ये भावाची घासाघीस सुरू करायच्या बेतात होते त्याच दिवसांत आमच्या बालाघाटाखाली हजारो माणसं, घोडी आणि बैल ज्वारी-कडबा खात बसलेले. फौज म्हटली की पुस्तकात तोफा दिसतात. गावाला मात्र दिसतात बैल. ऐन मार्चमध्ये कडब्याच्या गंजीसमोर परक्या फौजेचे बैल म्हणजे काय, हे दुष्काळात छावणी लावलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

२० एप्रिलला वेलस्ली पुण्यात शिरला. दहा दिवसांनी पॅरिसचा करार. मेमध्ये बाजीराव गादीवर आला आणि तिकडं इंग्लंड-फ्रान्सची लढाई पुन्हा सुरू झाली. ऑगस्टच्या सुरुवातीला हैदराबादेत निजाम अली वारला, त्याच आठवड्यात शिंदे-भोसल्यांशी युद्ध पुकारलं गेलं, आणि १२ तारखेला अहमदनगरचा किल्ला पडला. २३ सप्टेंबरला असई. आज जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात असलेलं हे एवढंसं गाव वेलस्लीनं आयुष्यभर विसरलं नाही. कंपनीकडचे दीड हजारांवर लोक तिथं मेले किंवा जायबंदी झाले. नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. मग दोन तह, दोन्ही वऱ्हाडातच: १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांशी, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी. या दोन तहांच्या दरम्यान, २० डिसेंबरला, न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रान्सचा झेंडा उतरून अमेरिकेचा चढला. तीन कागद, तेरा दिवस. इकडं कटक-बालेश्वर, भडोच, अहमदनगर, दिल्ली-आग्र्याचा दुआब कंपनीकडं गेले. तिकडं अर्धं खंड. अहमदनगर-पुण्याकडच्या माणसांना मात्र ते वर्ष यातल्या कशासाठीच आठवत राहिलं नसेल. फौजांनी खाल्लेली शेतं आणि हुकलेला पाऊस यांनी मिळून दख्खनेत त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी भीषण दुष्काळ पाडला होता.

शाळेत आम्हाला असई शिकवली. गुरुजींनी फळ्यावर काईतना नदी आणि तिला मिळणारी जुई काढली, तोफा काढल्या, आणि शिस्तबद्ध कवायती फौजेपुढं आपला निभाव लागला नाही असं सांगितलं. चूक नव्हतं ते. पण १८०३ चा खरा पेच रणांगणावर नाही, वसईच्या त्या २६ लाखांत आहे, असं मला दिवसेंदिवस पक्कं वाटू लागलंय. आपला इतिहास आपण लढायांच्या सालांनी मोजतो. मुलखाच्या सीमा मात्र हिशेबाच्या वहीत सरकल्या. पानिपत, खर्डा, असई, कोरेगाव ही यादी कुणालाही तोंडपाठ. कुठल्या फौजेचा पगार कुणी, कुठल्या मुलखातून, किती व्याजानं भागवला, याची यादी कुणाला येत नाही. निजामाचं उदाहरण घ्या. तो तर १८०३ ला जिंकणाऱ्यांच्या बाजूला होता! देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड त्याच्या पदरात पडायचा ठरला. तिथं आधी दुअमल होता, निजामही वसूल करी आणि भोसलेही. आता सगळा निजामाचा. एकही मोठी लढाई न हरता, उलट मुलूख मिळवून, हे राज्य पुढच्या ५० वर्षांत गहाण पडलं. वऱ्हाडासकट, आणि आमच्यासकट.

ती गोष्ट अशी. निजामाकडं इंग्रजांच्या दोन फौजा होत्या असं धरून चला. पहिली तैनाती फौज. तिच्या खर्चापोटी म्हैसूरच्या युद्धांत वाट्याला आलेले बेल्लारी-कडप्प्याकडचे जिल्हे त्यानं १८०० सालीच कंपनीला कायमचे देऊन टाकले होते. म्हणजे तिचा हिशेब मिटलेला. पण त्याच तहात एक कलम होतं: लढाई झाली तर निजामानं स्वतःचे सहा हजार पायदळ आणि नऊ हजार स्वार मदतीला द्यायचे. १८०३ च्या लढाईत निजामाची माणसं काही कामाची नाहीत अशी तक्रार इंग्रजांनी केली. आणि मग त्या कलमातून, हळूहळू, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक दुसरी फौज उभी राहिली. हेन्री रसेल रेसिडेंट असताना तिला रूप आलं. पुढं तिचं नाव झालं हैदराबाद कंटिन्जंट. लढाई नसतानाही ती बारा महिने उभी, अधिकारी कंपनीचे, पगार निजामाचा. गोऱ्या अधिकाऱ्यांमध्येच थट्टा चाले की सगळ्याचं बिल बिचाऱ्या निजामाच्या नावावर.

पगार थकला की कर्ज. हैदराबादेत विल्यम पामरची पेढी होती, ती शेकडा २४-२५ दरानं सरकारला पैसे पुरवी, आणि रेसिडेन्सीत तिची ऊठबस चांगली होती. हे प्रकरण लंडनपर्यंत गाजलं. शेवटी १८२३ साली पामरचं देणं भागवायला निजामानं काय केलं? उत्तर सरकार जिल्ह्यांबद्दल कंपनीकडून त्याला दर साल सात लाख मिळत. ते येणं त्यानं एकरकमी एक कोटी सोळा लाख रुपयांवर कायमचं सोडून दिलं. कर्ज फेडायला पेन्शन विकून टाकावं तसं. ते संपलं, फौज संपली नाही. शहरातले अरब जमादार आणि रोहिले हे एकाच वेळी सरकारचे शिपाईही होते आणि सावकारही. पगाराच्या बाकीपोटी तालुकेच्या तालुके त्यांच्याकडं लावून दिलेले. वसूल त्यांनी परस्पर करायचा. अशा तालुक्यातल्या रयतेनं दरबारात फिर्याद कुणाविरुद्ध करायची?

१८५३ उजाडलं तेव्हा कंटिन्जंटपोटी कंपनीचं देणं जवळजवळ अर्ध्या कोटीवर गेलं होतं. आपल्याकडं हे साल बोरीबंदर-ठाणे आगगाडीसाठी लक्षात राहतं, १६ एप्रिल. पाच आठवड्यांनी, २१ मे रोजी, हैदराबादेत निजाम नासिरुद्दौलानं तहावर शिक्का केला. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या वतीनं रेसिडेंट कर्नल लो यानं तो करवून घेतला. आधीच्या बोलण्यात निजामानं त्याला सुनावलं होतं की राजाला दोन गोष्टी लांछनाच्या: बापजाद्यांचा मुलूख गरज नसताना देणं आणि इमानी फौज मोडून टाकणं. त्याच्यापुढं निवड होती ती नेमकी या दोहोंत. त्यानं मुलूख दिला. तीन तुकडे: वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख. वर्षाचं उत्पन्न ५० लाख धरलेलं. विकला नाही, वसुलीसाठी लावून दिला, मालकी निजामाचीच. दिवाण सिराजउल्मुल्क त्यानंतर आठवड्याभरात वारला आणि २४ वर्षांचा पुतण्या दिवाण झाला, तो सालारजंग. त्याच्या कारभाराचा पहिला पाठच हा होता की अरबांकडं आणि सावकारांकडं पडलेले तालुके एकेक करून सोडवायचे.

त्याच वर्षाच्या शेवटी, ३० डिसेंबर १८५३ ला, अमेरिकेनं मेक्सिकोशी आणखी एक खरेदीचा करार केला, दक्षिणेतून रेल्वे न्यायला जागा हवी म्हणून. मेक्सिकोचा सान्ता आन्नाही कर्जातच बुडालेला. तारखा जुळतात म्हणून इतिहासाचा नियम सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण हात रिकामा झालेला राजा जमिनीकडं बघतो आणि जमिनीवरच्या माणसाला ते शेवटी कळतं, एवढं दोन्हीकडं सारखं आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला आमच्याच गावच्या एका म्हाताऱ्यानं पारावर घेतला होता. तो म्हणाला, "बाबा, वसूल निजामानं घेतला काय आन् सायबानं घेतला काय, कुणब्याला काय फरक? पावसानं दिलं तर देणार, न्हाई तर घर सोडून जाणार." मी बराच वेळ गप्प बसलो, कारण यात खूप तथ्य आहे. तरी मला तो पुरता पटत नाही. नळदुर्गचा कारभार ज्याच्याकडं आला तो मेडोज टेलर आयुष्यभर निजामाच्याच नोकरीत मुरलेला होता, भाषा जाणणारा, शोरापूरचं संस्थान सांभाळून आलेला. ठगांवरची कादंबरी लिहून तो आधीच प्रसिद्ध होता, आणि पुढं 'तारा' ही कादंबरी त्यानं तुळजापूरच्या भूमीवर रचली. त्यानं इथं जमिनीची मोजणी हाती घेतली, रस्ते आखले. बरं की वाईट हा वाद बाजूला ठेवू. कंपनीला वसूल नेमका हवा होता म्हणून मोजणी नेमकी झाली, दयेपोटी नव्हे. पण अरब जमादाराशी वाद घालताना कुणब्याजवळ फक्त शपथ होती. मोजलेल्या शेताच्या मालकाजवळ आकडा आला. आकडा उलटही वापरता येतो. आजचा सातबारा त्याच जातीचा कागद आहे, आणि त्यासाठी मी खेटे घालतो ते तो माझ्या बाजूनं बोलेल या आशेवर.

दुसरं म्हणजे, गहाणाचा मुलूख सुटू शकतो हेही आमच्याकडं घडलं. १८५७ मध्ये हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूनं राहिला, आणि डिसेंबर १८६० च्या तहानं धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. ५० लाखांचं कर्जही माफ. सात वर्षं इंग्रजी अमल आणि पुन्हा निजामी, अशी उलटी वाट फार थोड्या मुलखांच्या नशिबी आली असेल. वऱ्हाड मात्र सुटला नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं तो वर्षाला २५ लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतला. मालक निजाम, कब्जा इंग्रजांचा. आज अमरावतीचा आणि धाराशिवचा माणूस एकमेकांना वेगळ्या मातीचा वाटतो, त्यात या कर्जाच्या हिशेबाचाही वाटा आहे. वऱ्हाडात कापसाची आगगाडी आधी गेली, शाळा आधी निघाल्या; आम्ही परत गेलो आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट बघत बसलो. स्वातंत्र्याचं सालसुद्धा आमचं एक वर्षानं वेगळं आहे ते याच परतफेडीमुळं. कर्ज फिटल्याचा आनंद करावा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बार्शी लाइट रेल्वेचीही हीच कथा. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची ती अडीच फुटी गाडी १८९७ ला कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत आली आणि थांबली. पुढं निजामाची हद्द. ती ओलांडून येडशीवरून तडवळ्याला आणि मग १९११ ला लातूरला पोहोचायला चौदा वर्षं लागली. १८०३ ला स्टीव्हन्सनची फौज आणि १८९७ ला कॅलथ्रॉपची गाडी, दोघांनाही याच रेषेचा विचार करावा लागला. ती छोटी गाडी आता गेली, मोठा रूळ धाराशिव शहरावरून वळला. येडशीजवळच्या रामलिंगच्या घाटातली माकडं तेवढी उरली आहेत. ती दोन्ही राज्यांत होती.

आज येडशीचं नाव महाराष्ट्रभर ऐकू येतं ते महामार्गामुळं. सोलापूर ते येडशी आणि येडशी ते तेव्हाचं औरंगाबाद, असे या रस्त्याचे दोन तुकडे पाडून ते बांधायला दिले. कंपनी कर्ज काढून रस्ता बांधणार आणि ठरलेल्या वर्षांपर्यंत त्या रस्त्याचा वसूल स्वतः घेणार. रस्त्याची मालकी सरकारचीच. नासिरुद्दौलाच्या तहाशी याची सरळ तुलना मी करणार नाही. इथं मुदत लिहिलेली आहे, सरकार आपण निवडलेलं आहे, आणि रस्ता खरोखर झाला आहे. पूर्वी सोलापूरला जायला किती हाडं खिळखिळी व्हायची ते मला आठवतं. फक्त करारातला शब्द मला ओळखीचा वाटतो. वसूल लावून देणं.

त्या दिवशी खेटा वाया गेला नाही. संध्याकाळी पाचला नवा उतारा मिळाला. 'इतर हक्क'मधली जुनी ओळ कंसात टाकली होती. फेरफाराचा क्रमांक देऊन बोजा कमी केल्याची नोंद होती, आणि तिच्याच खाली, गेल्या खरिपात भावानं सोसायटीकडून घेतलेल्या कर्जाची नवी ओळ.